दुधाच्या रतिबाचे ॲप आणि फ्लटर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारी २०२५मध्ये मी फ्लटर हे ॲप बनवण्याचे साधन हाती घेतले, त्याला कारण आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले कॅलेंडर. येळ्ळूरहून रोज दूध घालणारे मामा महिनाअखेरीस आपल्या वहीतले खाडे मोजत, आई कॅलेंडरावरचे मोजत असे आणि दोघांच्या बेरजेत हमखास एका दिवसाचा फरक निघत असे. मी दिवसा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात यंत्रभागांचे आरेखन करतो. प्रोग्रॅमिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. रात्री जेवणानंतर मिळणाऱ्या दोन तासांत, अकरा महिन्यांत, मी दोन ॲप तयार करून प्ले स्टोअरवर आणली: एक दुधाच्या रतिबाचे आणि दुसरे भिशीच्या हिशेबाचे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत चालतात. हा अनुभव अशाच एकट्याने काम करणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

आधी साधनाविषयी. फ्लटर हा गूगलने मुक्त स्रोत म्हणून दिलेला संच असून त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८मध्ये आली. त्यात डार्ट ही भाषा वापरतात आणि एकाच कोडमधून अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींसाठी ॲप तयार होते. एकट्या माणसाला याहून मोठा आधार हॉट रिलोडचा वाटतो, कारण कोडमध्ये बदल करून फाइल जतन केली की क्षणभरात तो बदल फोनच्या पडद्यावर दिसतो आणि आपण ज्या पानावर होतो ते पान तसेच राहते. रोजच्या दोन तासांतला अर्धा तास केवळ वाट पाहण्यात गेला असता तर हे काम माझ्या हातून कधीच पुरे झाले नसते. माझ्या लॅपटॉपची मेमरी ८ जीबी आहे; त्यावर संगणकातला आभासी फोन चालवण्याचा नाद मी पहिल्याच आठवड्यात सोडला आणि खरा फोन केबलने जोडून काम केले. तसेच करावे, असे मी सांगेन.

फ्लटर फोनची तयार बटणे न वापरता पडद्यावरचे सर्व काही स्वतः रेखाटते. त्यामुळे मामांच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर आणि माझ्या नव्या फोनवर ॲप हुबेहूब सारखे दिसते. त्याची किंमत आकारात मोजावी लागते, कारण रिकाम्या ॲपबरोबरही रेखाटणारे इंजिन जाते आणि काही एमबी त्यातच खर्ची पडतात. नव्या ॲपसाठी ऑगस्ट २०२१पासून सक्तीचा असलेला ॲप बंडल हा (ॲप स्टोअरला देण्याचा) प्रकार येथे थोडा उपयोगी पडतो, कारण स्टोअर प्रत्येक फोनला त्याच्यापुरताच भाग पाठवते.

इथवर सगळे कोणत्याही गावी तसेच असेल. माझा बहुतेक वेळ मात्र भाषेत गेला, आणि त्याची पूर्वसूचना कोणत्याही शिकवणीत मला मिळाली नव्हती.

पहिला घोटाळा अंकांचा. लिटरच्या रकान्यात फक्त अंक यावेत म्हणून मी फ्लटरमधला 'डिजिट्स ओन्ली' हा तयार गाळक लावला होता. मामांनी आपल्या मराठी कळफलकावरून २ हा अंक दाबला आणि रकाना कोराच राहिला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा काही नाही, शेवटी फोन माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "बाळा, तुझं यंत्र माझं ऐकत नाही." तो गाळक केवळ इंग्रजी (0 ते 9) अंकांना अंक मानतो आणि देवनागरी अंक काही न सांगता गाळून टाकतो. गाळक काढला तर पुढची पायरी अडते, कारण मजकुरातून संख्या काढणारी डार्टची नेहमीची आज्ञाही देवनागरी अंक पाहून त्रुटी देते. गंमत अशी की दाखवण्याच्या बाजूने सोय उत्तम आहे. 'इंटल' या पॅकेजला (म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडला) भाषा मराठी आहे असे सांगितले की रक्कम आपोआप देवनागरी अंकांत, लाखांच्या स्वल्पविरामासह येते. म्हणजे ॲप मराठीत बोलायला तयार, पण मराठीत ऐकायला तयार नाही. उपाय दहा ओळींचा आहे: आलेला प्रत्येक देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकात बदलायचा आणि मगच पुढे पाठवायचा. कन्नड अंकांसाठीही तेच करावे लागले.

त्यानंतर मामांनी मला त्यांची वही दाखवली आणि माझा रकानाच निकालात निघाला. वहीत दीड लिटर १॥ असे लिहिलेले होते, सव्वा १। असे, आणि पाऊण लिटरसाठी नुसते ।॥. दशांश चिन्ह त्यांनी आयुष्यात वापरलेले नव्हते आणि वापरण्याची गरजही नव्हती. मी तो रकाना काढून त्या जागी पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन आणि दोन अशी बटणे ठेवली. हे ॲप लोकांच्या हातात टिकले ते याच बदलामुळे, असे माझे मत आहे. आत साठवताना मात्र सगळे मिलिलिटरमध्ये आणि पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवतो. दशांश संख्या बेरजेत बारीक चुकतात आणि तीस दिवसांच्या बिलात ती चूक एखाद्या रुपयाच्या रूपाने वर येऊ शकते. एका रुपयावरून आमच्या गल्लीत काय होते, ते शहापूरकरांना सांगायला नको.

तिसरी अडचण बिलाची. महिन्याचे बिल पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवता यावे, ही सर्वांची मागणी होती. फ्लटरमध्ये पडद्यावर देवनागरी निर्दोष उमटते, पण पीडीएफसाठी जे प्रचलित पॅकेज मी वापरले, ते अक्षरे केवळ एकापुढे एक मांडते. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांची जुळणी करत नाही. परिणामी 'शिल्लक' या शब्दातली वेलांटी श नंतर गेली, 'अर्धा'मधल्या र चा पाय मोडलेला दिसू लागला आणि बिल परभाषेतल्या माणसाने खोडून लिहिल्यासारखे झाले. दोन आठवडे फॉन्ट बदलून पाहण्यात घालवले. दोष फॉन्टचा नव्हताच. अखेरीस बिल आधी पडद्यावर रेखाटायचे, त्याचे चित्र करायचे आणि ते चित्रच पाठवायचे, असा मार्ग काढला. मजकूर निवडता येत नाही, हे खरे. पण दुधाच्या बिलातला मजकूर कोण निवडणार आहे?

भिशीच्या ॲपमध्ये सभासदाच्या नावाचे पहिले अक्षर गोलात दाखवायचे होते. मी सरळ पहिले चिन्ह घेतले, तेव्हा श्रीकांत, शिवानी आणि शुभांगी या तिघांच्याही गोलात नुसता 'श' आला, कारण डार्टच्या लेखी वेलांटी, उकार आणि जोडाक्षराचा पुढचा भाग ही वेगळी चिन्हे आहेत. 'कॅरेक्टर्स' हे पॅकेज वापरल्यावर 'शि' आणि 'शु' नीट आले. कुठेही मराठी मजकूर मोजायचा किंवा कापायचा असेल तर हेच पॅकेज वापरावे.

कन्नड भाषांतर शेजारच्या काकूंनी करून दिले. 'बाकी' हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, एवढेच काय ते माझे श्रम वाचले. 'दुधाचा हिशेब'चे 'हालिन लेक्क' झाले आणि त्यातल्या 'लेक्क'चा खाली येणारा क खालून कापला गेला, कारण मी मराठीपुरती ओळीची उंची घट्ट बांधून ठेवली होती. लांब कन्नड शब्द बटणाबाहेर जाऊ लागले की फ्लटर तेथे पिवळे-काळे पट्टे दाखवते. मात्र ते पट्टे विकासाच्या आवृत्तीतच दिसतात. प्रकाशित ॲपमध्ये शब्द निमूटपणे कापला जातो. म्हणून प्रत्येक पान दोन्ही भाषांत, फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करून, स्वतः पाहावे. चाळिशीपुढचे सगळेच अक्षरे मोठी करून ठेवतात.

आता स्टोअरविषयी. प्ले कन्सोलची, म्हणजे स्टोअरवर ॲप टाकण्याच्या खात्याची, नोंदणी २५ डॉलर, एकदाच. पण १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे ठरावीक लोकांकडून ते वापरून घेणे, सक्तीची आहे. आरंभी त्यासाठी २० परीक्षक लागत. डिसेंबर २०२४मध्ये ती संख्या १२ झाली आणि ते सलग १४ दिवस चाचणीत राहिले पाहिजेत. मी मोजून १२ जण घेतले, हा माझा मूर्खपणा. निम्म्या जणांना आपला ईमेल पत्ता माहीत नव्हता. फोन घेताना दुकानातल्या मुलाने तो तयार केलेला होता आणि मला घरोघरी जाऊन तो फोनच्या सेटिंगमधून शोधून काढावा लागला. नवव्या दिवशी एका मावसभावाने सहज म्हणून चाचणीतून बाहेर पडण्याचे बटण दाबले आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजणे आले. दुसऱ्या खेपेस मी १६ जण घेतले.

त्याशिवाय गोपनीयता धोरणाचे पान आणि डेटा सुरक्षेचा तक्ता द्यावा लागतो, ॲप काहीही गोळा करत नसले तरी. ॲपमध्ये पैशांच्या सेवा आहेत का, हे सांगणारा आर्थिक सुविधांचा अर्ज सर्वांनाच आहे. भिशीच्या बाबतीत तो भरताना हे ॲप पैसे फिरवत नाही, फक्त कोणी भरले आणि कोणाची पाळी आली एवढेच नोंदवते, हे मी वर्णनातही स्पष्ट लिहिले.

कमाईविषयी थोडक्यात. जाहिराती लावण्याचा विचार केला होता. वैयक्तिक खात्यावरून कमाई सुरू केली की विकसकाचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सर्वांना दिसतो, हे वाचल्यावर तो सोडून दिला.

ॲप एकदा टाकले की झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे वाचावे. ३१ ऑगस्ट २०२५पासून नवी ॲप आणि नव्या आवृत्त्या अँड्रॉइड १५ला लक्ष्य करणाऱ्या, म्हणजे त्या आवृत्तीच्या नियमांनुसार बांधलेल्या, असाव्यात, असा नियम आला. त्यासाठी फ्लटर अद्ययावत केले, तर अँड्रॉइड ॲप बांधताना लागणाऱ्या ग्रेडल (बांधणीचे साधन) आणि कोटलिन (भाषा) यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळेनात. गणपतीच्या सुट्टीतले चार दिवस त्यात गेले. पाठोपाठ १ नोव्हेंबरपासून ६४-बिट फोनवर मेमरीच्या १६ केबी पानांना (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो, त्या मोठ्या तुकड्यांना) आधार देणे आवश्यक झाले. १ नोव्हेंबर ही कर्नाटक राज्योत्सवाची आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिवसाची तारीख बेळगावात कोणाला वेगळी सांगावी लागत नाही, त्यामुळे ती मुदत निदान लक्षात तरी राहिली. फ्लटरचे स्वतःचे इंजिन तयार होते. अडले ते मी घेतलेले एक जुने पॅकेज, ज्याच्याकडे त्याच्या कर्त्याने बरेच दिवस पाहिलेले नव्हते. तेव्हापासून कोणतेही पॅकेज घेण्याआधी मी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली, ते पाहतो, आणि चाळीस ओळींत स्वतः लिहिता येत असेल तर पॅकेज घेतच नाही.

एवढ्या तक्रारींनंतरही पुढचे ॲप मी फ्लटरमध्येच करेन. एका माणसाला दोन भाषांत, जुन्यानव्या फोनांवर सारखेच चालणारे काम यात खरोखर पुरे करता येते, आणि वर लिहिलेल्या अडचणींपैकी बहुतेक एकदाच सोडवाव्या लागतात.

टिळकवाडीतल्या एका बाईंनी आयफोनसाठी ॲप कधी येणार, असे विचारले आहे. कोड तयारच आहे. परंतु आयफोनची आवृत्ती बांधण्यासाठी मॅक संगणक लागतो, ॲपलच्या विकसक सदस्यत्वाला दरवर्षी ९९ डॉलर लागतात आणि मामांच्या रतिबात आयफोनवाले घर ते एकच. तूर्त त्यांचे बिल मामांच्या फोनवरून चित्ररूपाने जाते, आणि डिसेंबरचा एक खाडा त्यांनी त्या चित्रावर लाल गोल करून परत पाठवला आहे.