हार्मोन स्कोअरच्या नावाखाली माझे ५३,७९९ रुपये गेले

पाळी पुढेमागे व्हायला लागलेल्या बायकांनो, आधी हे वाचा. पुण्यात सोसायट्यांमध्ये ‘मोफत मेनोपॉज तपासणी’ (मेनोपॉज म्हणजे पाळी कायमची जाणं) करत फिरणारी टोळी आहे. हो, टोळीच. आमच्याकडे सिंहगड रोडला संक्रांतीच्या हळदीकुंकवात दोघीजणी पांढरे कोट घालून आल्या, वाण म्हणून हर्बल चहाची पुडी वाटली. मग टॅबवर त्रासाबद्दल प्रश्न, शेवटी ‘हार्मोन स्कोअर’ म्हणून लाल आकडा, ‘मॅडम, आता उशीर नको.’

मी सत्तेचाळीसची. अंगातून वाफा, रात्री तीनला टक्क जाग, घरच्यांवर विनाकारण डाफरणं. त्यावर ‘वय झालं, सहन कर’ एवढंच ऐकलेल्या बाईला कुणी हात धरून विचारलं तर ती बोलणारच. त्यामुळे ‘शिकलेली असून कशी फसलीस’ हे मला ऐकवू नका.

कर्वे रस्त्यालगतच्या सेंटरवर नोंदणीचे ४९९. लाळेच्या नमुन्यांचं ‘हार्मोन पॅनल’, म्हणजे हार्मोनची तपासणी, १४,८००. मग सहा महिन्यांचं ॲप, थेंब आणि सल्ला मिळून ३८,५००, तेही हप्त्यांवर. ओटीपी तिथल्या बाईनेच माझ्या फोनवर बघून टाकला. ते हप्ते म्हणजे माझ्या नावावरचं कर्ज, हे बँकेचा मेसेज आल्यावर कळलं.

रिपोर्ट अजून माझ्यासमोर आहे. गुळगुळीत कागद, ११ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, खाली एकूण ५२. अकरा चोक चव्वेचाळीस! पतसंस्थेत हिशेब बघते मी, दुसऱ्याच्या बेरजेतली चूक लांबून दिसते मला. पण ५२ शेजारी लाल अक्षरांत ‘तीव्र’ छापलेलं, त्यावरून नजर हलेना. मेनोपॉज रेटिंग स्केल ही प्रश्नावली फुकट मिळते, तिचे कमाल गुण ४४च. तीच उचलली आणि चोरांना बेरीजही धड जमली नाही. ॲपमध्ये ‘आज त्रास नाही’ नोंदवलं तरी आलेख चढताच.

शेवटी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पॅनल बाजूला सारलं आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मागवलं, ज्यावर मी पेन्सिलीने पाळीच्या तारखा खुणावते. दोन पाळ्यांमधलं अंतर वारंवार सात किंवा जास्त दिवसांनी बदलतंय, मध्ये एकदा साठ दिवसांच्या वर गेलंय, हे त्यांनी तिथेच मोजलं. पाळी जाण्याचा काळ सुरू झालाय हे पंचेचाळिशीनंतर बहुतेक वेळा तारखा आणि लक्षणांवरूनच कळतं. हार्मोन रोज वरखाली होतात, एका तपासणीवर काही ठरत नाही, म्हणाल्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तेवढं तपासलं. रक्तस्राव फार होत असेल, किंवा पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर परत डाग दिसला, तर ॲप नको, थेट डॉक्टर गाठा.

आता पोलीस. चौकीत सगळ्यांसमोर मोठ्याने, ‘मॅडम, पाळीचं नक्की काय?’ मग, ‘पैसे तुम्हीच दिलेत, पावती आहे, हे दिवाणी प्रकरण.’ सायबर हेल्पलाइनवाले म्हणाले, ऑनलाइन फसवणूक नाही, चौकीत जा. चौकी म्हणते, ओटीपी गेला म्हणजे सायबर. कर्जवाले म्हणतात, उपचाराशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल. सेंटरचं ‘पाळी नियमित करणारे थेंब’ हे पत्रक चौकीत दाखवून सांगितलं की १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने अशी जाहिरातच करता येत नाही. साहेबांनी पत्रक उलटसुलट करून परत दिलं. ‘अर्ज ठेवून जा.’ पोच मागितली तर शिक्का सापडेना!

फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी हप्ते, ऐकलं की कर्ज कुणाच्या नावावर, ते विचारा. पांढऱ्या कोटाला नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी तिथेच चाललेय.

सेंटरला आता कुलूप आहे, ३,८५०चा हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता कापला जातोय. ४४ पैकी ५२वाला कागद आणखी कुणाकडे असेल तर फाडू नका. मला कळवा, तक्रार एकत्र करू.