व्हीलचेअरमधून पाहिलेली लढाऊ विमानं

गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मी व्हीलचेअर घेऊनच बाहेर पडते. लष्करी विमानांचं हे संग्रहालय म्हणजे एक हँगर आणि मागचं मैदान. तासाभरात उरकेल असं वाटलं होतं, पण लेक आणि मी तीन तास रमलो.

हँगरचं दार रुंद, उंबरठा नाही, फरशी सपाट. व्हॅम्पायर पाहून तर मी हरखलेच. १९४३ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे जेट मुळातच इतकं बुटकं, की त्याचं नाक थेट माझ्या डोळ्यांसमोर आलं. पुढचा सगळा सांगाडा प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा, हे तिथेच कळलं. मिग-२१ च्या पंखाखाली चाकाची खोबण, तिच्यातल्या नळ्या, रिव्हेटच्या रांगा मला बसल्या जागेवरून नीट दिसत होत्या. लेकीला मात्र वाकावं लागत होतं.

मैदानात सगळी खडी. पुढची चाकं रुतली, दोघांनी खुर्ची उचलून मागे आणली. तिथली विमानं लांबूनच पाहिली. कॉकपिटसाठी फक्त शिडी. खाली आतले फोटो लावले असते तरी चाललं असतं. डग्लस बेडर या वैमानिकाची माहितीही फार वर टांगलेली. १९३१ च्या अपघातात दोन्ही पाय गमावूनही तो दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं उडवत होता. निदान ती पाटी तरी आमच्या नजरेच्या टप्प्यात हवी. लेकीने मोठ्याने वाचून दाखवली.

स्वच्छतागृहात खुर्ची वळते, आधाराचे दांडेही पक्के आहेत. जाण्याआधी फोन करून मैदानातल्या वाटेची चौकशी जरूर करा.