७० मिमी फॅनचं आरसी जेट: काही महिने उडवल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. रेडिओ रिमोटनं (आरसी) उडवायचं, ६एस म्हणजे सहा सेलच्या बॅटरीवर चालणारं आणि पोटातल्या नळीत फिरणाऱ्या ७० मिमी फॅनचं हे फोमचं जेट मला मनापासून आवडलंय आणि ते विकायचा विचार नाही. पण खोक्यावरचं ‘तासाभरात उड्डाणासाठी तयार’ वाचून कुणी ते पहिलं विमान म्हणून घेणार असेल, तर घेऊ नका. हे तिसरं किंवा चौथं विमान आहे. आधी हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं शिकाऊ विमान), मग एलेरॉनवालं (पंखांच्या मागच्या कडेला विमान कलंडवणाऱ्या फळ्या असलेलं) लो-विंग प्रोपेलरचं विमान, आणि ते आडव्या वाऱ्यात न अडखळता उतरवता यायला लागलं की मग जेट.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या आकाराची बहुतेक जेट आतून सारखीच असतात. ईपीओ फोमची बॉडी, बारा पात्यांचा फॅन, इनरनर (आतला भाग फिरणारी) ब्रशलेस मोटर, ८० ते १०० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), विजेवर आत-बाहेर होणारं लँडिंग गिअर. बॅटरी धरून वजन सव्वादोन किलोच्या आसपास. त्यामुळे माझ्या विमानाबद्दल जे लिहितेय त्यातलं बरंचसं तुमच्यालाही लागू पडेल.

जोडणीत गोंद जवळजवळ लागतच नाही. पंखात कार्बनची नळी सरकवायची, सर्वोच्या (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) वायरी जुळवायच्या, शेपटीचे भाग बसवायचे, स्क्रू आवळायचे. एवढं खरंच तासाभरात होतं. वेळ खातात त्या कारखान्यातून बसवूनच आलेल्या गोष्टी. त्या एकेक करून तपासायला माझी अख्खी सुट्टी गेली, आणि ती गेली ते बरंच झालं.

उदाहरण नाकाच्या चाकाचं. चाकाचा दांडा रिट्रॅक्टमध्ये (चाक आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेत) एका बारीक, बिनटोपीच्या ग्रब स्क्रूनं धरलेला असतो. दांड्याची एक बाजू घासून सपाट केलेली असते आणि स्क्रूचं टोक बरोबर त्या सपाट जागेवर टेकायला हवं. माझ्यात ते सपाटीच्या काठावर अर्धवट टेकलं होतं. हातानं हलवून पाहिलं तर सगळं घट्ट. पण विमान जमिनीवर दाबून पुढे-मागे ढकललं की चाक हळूच डावीकडे वळायचं. स्क्रू काढला, दांडा फिरवून सपाट बाजू समोर आणली, थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून आवळलं. हे तसंच राहिलं असतं, तर टेकऑफच्या धावेत विमान रनवेच्या कडेला गेलं असतं आणि मी रडर (शेपटीची उभी, दिशा वळवणारी फळी) ट्रिम करत, म्हणजे रिमोटवर त्याची मधली जागा सरकवत, बसले असते. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जिथे बसतो तिथेच लावायचं. प्लॅस्टिकला लागलं तर ते तडकू शकतं.

दुसरी जागा एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या फळीची. पुशरॉडच्या (सर्वोकडून येणाऱ्या तारेच्या) टोकाची क्लिप, म्हणजे क्लेव्हिस, फळीवरच्या हॉर्नच्या (छोट्या दांडीच्या) भोकात सैल असेल तर हळू उडणाऱ्या ट्रेनरमध्ये कळतही नाही. जेट ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे सहज जातं आणि त्या वेगात ही सैल जागा फ्लटर सुरू करू शकते: एलेव्हेटर थरथरायला लागतं, आणि ती थरथर सर्वोचे दाते किंवा बिजागरी तोडूनच थांबते. म्हणून सर्वो चालू ठेवून एलेव्हेटरची कड दोन बोटांत धरायची आणि हलवून बघायची. टकटक जाणवली की ती कुठून येते ते शोधायचं. माझ्या एका बाजूच्या हॉर्नचं भोक मोठं होतं, ते बदललं. क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवला, म्हणजे ते आपोआप उघडणार नाही.

फॅन हातानं फिरवून ऐकला. पात्यांची टोकं आणि भोवतालचं कडं यांच्यात फट फारच कमी असते. कुठे घासत असेल तर खसखस ऐकू येते. हवा आत घेणाऱ्या नळीत एक सर्वोची वायर लोंबत होती, ती चिकटवली. आणि एक बदल मी पहिल्याच दिवशी केला: रिसीव्हर आणि सर्वोंसाठी वेगळं बीईसी (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून त्यांना वीज देणारा भाग). ईएससीमधल्या बीईसीवर सगळे सर्वो, तीन रिट्रॅक्ट आणि दिवे टाकायचे, आणि तोच ईएससी मोटरसाठी तापतोय, हे मला पटत नाही. काहीजण वर्षानुवर्षं तसंच उडवतात. मला झोप लागली नसती.

सीजीबद्दल (विमानाच्या तोलाच्या बिंदूबद्दल) मॅन्युअलमधला आकडा घ्या, पण सुरुवातीला त्याच्या चार-पाच मिमी पुढे ठेवा. नाक थोडं जड असलेलं जेट कंटाळवाणं उडतं, शेपूट जड असलेलं फार वेळ उडतच नाही. मोजताना बॅटरी आत, कॅनोपी (वरचं झाकण) बंद आणि चाकं बाहेर. चाकं आत जाताना मागे वळत असतील तर सीजीही किंचित मागे सरकतो, तेही लक्षात ठेवायचं. बॅटरी नेमकी कुठे बसली की सीजी जमतो ते ठरलं, की फोमवर मार्करनं रेघ मारून टाका.

रेडिओची कामं कंटाळवाणी आहेत आणि टाळता येत नाहीत. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल (मोटरचा जोर) शून्यावर. सेट करून सोडून द्यायचं नाही. कुणाला तरी विमान धरायला सांगून, फॅन हळू फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून बघायचं. फॅन थांबला पाहिजे. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि कार्बनच्या नळीपासून लांब. गायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं सेन्सर) असेल तर सरावाच्या बाहेरची एक तपासणी करावीच लागते, कारण स्टिकनं सगळं बरोबर हलतं आणि गायरो मात्र उलटा बसलेला असू शकतो. शेपूट हातानं झटकन वर उचलली की एलेव्हेटर वर गेलं पाहिजे. उजवा पंख खाली दाबला की उजवं एलेरॉन खाली आलं पाहिजे. यातलं एक जरी उलटं दिसलं तर गायरो विमानाला वाचवणार नाही, उलट आदळवेल.

आता उडवण्याकडे येते, कारण प्रोपेलरवरून येणाऱ्यांची खरी गल्लत इथे होते.

प्रोपेलरच्या विमानात पुढचा पंखा शेपटीवर सतत हवा फेकत असतो. त्यामुळे वेग कमी असला तरी थ्रॉटल दिलं की एलेव्हेटर आणि रडर लगेच जागे होतात. जेटमध्ये फॅनची हवा नळीतून सरळ मागे निघून जाते. शेपटीला मिळते ती फक्त विमानाच्या स्वतःच्या वेगाची हवा. शिवाय फॅनला पूर्ण फेरे घ्यायला क्षणभर लागतो आणि जोर त्यानंतर येतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की जेटच्या बहुतेक सवयी समजतात.

टेकऑफला म्हणून धाव लांब लागते. सुरुवातीचे काही मीटर दिशा फक्त नाकाच्या चाकावर असते. एलेव्हेटर आधीपासून ओढून धरलं तर काहीच होत नाही, आणि मग वेग आला की नाक एकदम वर जातं आणि विमान अपुऱ्या वेगात हवेत लटकतं. मी थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत वाढवत पूर्ण करते, विमान धावू देते, आणि ते हलकं वाटायला लागलं की स्टिक जराशी मागे. फ्लॅप (हळू उडताना उचल वाढवणाऱ्या, पंखामागच्या फळ्या) अर्धे. चाकं उचलायची घाई नाही.

हवेत गेल्यावर मात्र मजा आहे. सरळ रेषेत इतकं गुळगुळीत उडतं की हातातलं प्रोपेलरचं विमान नंतर अडखळत चालल्यासारखं वाटतं. एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम मंद करणारी सेटिंग) ३० टक्क्यांच्या आसपास आणि लो रेट (फळ्यांची कमी हालचाल) ठेवले तर घाबरवत नाही. घाबरवते ती त्याची दूर जायची सवय. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. दहा सेकंद नुसतं बघत राहिलं की पाव किलोमीटरच्याही पुढे, २८० मीटरवर. तिथे हे जेट म्हणजे एक करडी रेघ, आणि वळण आपल्याकडे आहे की पलीकडे ते सांगता येत नाही. ढगाळ दिवशी करडा रंग पार नाहीसा होतो. मी डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला काळी रुंद पट्टी चिकटवली. लढाऊ विमानाची शान थोडी गेली, पण विमान दिसतं.

लँडिंगवर सर्वांत जास्त लिहायला हवं. जेटचा पंख वजनाच्या मानानं लहान, त्यामुळे हळू उडायची त्याची मर्यादा लवकर येते, आणि ती आली की अनेकदा एक पंख आधी पडतो. शेवटचं वळण म्हणूनच रुंद घ्यायचं, नाक वर ओढून आखडायचं नाही. फ्लॅप पूर्ण सोडल्यावर नाक थोडं उचलतं. त्यासाठी एलेव्हेटरचं मिक्सिंग (फ्लॅपसोबत एलेव्हेटर आपोआप हलवणारी सेटिंग) ट्रान्समीटरमध्ये घालून ठेवा. आणि थ्रॉटल शून्यावर आणायचं नाही. सरळ रेषेत आल्यावर मी फॅनचा आवाज ऐकत असते: एक स्थिर, मध्यम शिट्टी चालू राहिली पाहिजे. ती शिट्टी खाली उतरली की वेगही उतरणार, आणि मग पुन्हा थ्रॉटल दिलं तरी फॅन जोर धरेपर्यंत विमान खाली आलेलं असतं. उंची थ्रॉटलनं, वेग नाकानं, असं डोक्यात ठेवलं की जमतं. रनवेच्या टोकावर गुडघाभर उंचीला आलं की हळूहळू थ्रॉटल कमी, नाक किंचित वर, मागची चाकं आधी टेकतात. रांगेत नीट आलं नाही, तर उशीर न करता पूर्ण थ्रॉटल आणि पुन्हा एक फेरी.

ती फेरी मारायला बॅटरीत जीव हवा, आणि इथेच ‘पाच मिनिटांचं उड्डाण’ या जाहिरातीचा हिशेब लागत नाही. ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण थ्रॉटलला ८० अँपिअर देत असेल तर पावणेचार मिनिटांत ती कोरडी होते. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी कोरडी करायची नसते, म्हणजे वापरायची साधारण ८० टक्के. ती तीन मिनिटांतच संपते. थ्रॉटल वरखाली करत उडवलं तर चारपर्यंत जातं. मी टायमर साडेतीनला लावलाय आणि तो वाजला की उतरायची तयारी. विमान खाली आल्यावर प्रति सेल ३.७ ते ३.८ व्होल्ट दिसले की टायमर बरोबर. बॅटरी उतरते तसा व्होल्टेज दबतो आणि जोरही कमी होतो, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी सगळ्यात कमी मिळतो.

चार्जिंग १सी वर (क्षमतेच्या आकड्याइतक्याच करंटनं), म्हणजे ५ अँपिअरनं, बॅलन्स मोडमध्ये (सगळे सेल सारखे भरत), न जळणाऱ्या जागेवर आणि समोर बसून. उड्डाण झालं नाही तर बॅटरी भरलेली ठेवायची नाही, सेल ३.८ व्होल्टला आणून ठेवायचे. फुगलेली बॅटरी निवृत्त. काही महिन्यांत माझ्या दोन बॅटऱ्यांमधल्या एकीचा अंतर्गत रोध चार्जरवर स्पष्ट वाढलेला दिसतो. तीच बॅटरी हवेतही मरगळलेली वाटते. ती आता फक्त जमिनीवरच्या तपासणीला.

सुरक्षिततेचं लोक हसण्यावारी नेतात म्हणून एक आकडेमोड. एक किलोचं ट्रेनर सेकंदाला १२ मीटर वेगानं येत असेल तर त्यात सुमारे ७२ ज्यूल ऊर्जा असते. २.२ किलोचं जेट ३० मीटर वेगानं येत असेल तर ९९० ज्यूल, म्हणजे जवळपास चौदापट. फोमचं आहे म्हणून लागत नाही, हा समज इथे सोडून द्यायचा. माणसांच्या, गाड्यांच्या डोक्यावरून कधीच नाही, उडवणारा आणि बघणारे एकाच बाजूला, आणि विमान नजरेच्या टप्प्यात. उंची आणि जागेचे नियम देशानुसार वेगळे आहेत, ते आधी वाचा. जमिनीवर ट्रान्समीटर आधी चालू, विमानाची बॅटरी नंतर; बंद करताना उलट. बॅटरी जोडण्याआधी मोटर सुरूच होऊ न देणारा थ्रॉटल कटचा स्विच लावलेला. फॅन जोरात फिरत असताना पात्यांच्या रेषेत, विमानाच्या कुशीला, उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते बाजूला फेकलं जातं. गळ्यातली पट्टी, ओढणी, सैल बाह्या हवा आत जाते त्या तोंडापासून लांब.

झीज म्हणाल, तर फोम बघण्यात खराब झालाय, बाकी ठीक. स्टिकर कडांनी सुटले. फॅनच्या दोन पात्यांवर खड्यांचे बारीक टवके दिसले आणि शिट्टीत थोडी घरघर आली, म्हणून रोटर बदलला. नवा बसवल्यावर आवाज पुन्हा साफ झाला. सगळ्यात कमकुवत निघाला तो नाकाचा रिट्रॅक्ट. एकदा अर्ध्यावर अडकला, मी चाकं आत असतानाच गवतावर पोटावर उतरवलं, फ्लॅपच्या कडा सोलवटल्या, एवढंच. विकणाऱ्यानं सुटा भाग द्यायला फार वेळ लावला, ही माझी खरी तक्रार.

टर्बाइनबद्दल, म्हणजे इंधन जाळून चालणाऱ्या खऱ्या जेट इंजिनाबद्दल, विचारणारे असतातच. जर्मनीचे कुर्ट श्रेकलिंग यांच्यासारख्या हौशी लोकांनी घरच्या वर्कशॉपमध्ये छोटी टर्बाइन चालवून दाखवली, तेव्हापासून तो मार्ग खुला आहे. पण तिथे केरोसीन, त्यात मिसळायचं तेल, मिनिटाला लाखाच्या वर फेरे आणि सोबत अग्निशामक सिलिंडर, असा सगळा संसार येतो. मला तूर्त फॅनच पुरे.

घेणार असाल तर रनवे आधी बघा. गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीट असेल तर आहे तसं चालेल. गवत असेल तर ते अगदी खुरटं कापलेलं हवं, चाकं एक साइज मोठी बसवा आणि नाकाच्या रिट्रॅक्टचा एक जास्तीचा सेट विमानासोबतच मागवा.