लिनो छपाईसाठी बॉटल जॅकचा घरगुती प्रेस: वर्षभर वापरल्यानंतर

लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर दाबून छापायचं, ही लिनो छपाई. त्यासाठी घरी प्रेस करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, जॅक किती टनाचा घ्यायचा? वर्षभर वापरून मत असं झालंय की हा प्रश्न दुय्यम आहे. साधा ५ टनी बॉटल जॅक (गाडी उचलायचा, बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक) भरपूर होतो. काम बिघडतं ते वरचा पाटा, म्हणजे कागदावर दाब देणारी लोखंडी प्लेट, पातळ पडल्यामुळे.

हिशोब करून बघा. ए-५ आकाराच्या ठशाचं (कोरायच्या लिनोच्या तुकड्याचं) क्षेत्रफळ साधारण ३११ चौरस सेंटिमीटर. पूर्ण ५ टन लावले तर चौरस सेंटिमीटरला १६ किलो दाब येतो, ए-४ ला तोच निम्मा. आणि हे ठसा अजिबात कोरलेला नसेल तेव्हाचं. कोरलेल्या भागावर दाब येतच नाही, म्हणून बारीक रेषांचं काम थोड्या दाबातही उठतं. प्रेसची खरी परीक्षा मोठ्या सलग काळ्या भागात. तिथे मध्ये गच्च काळं आणि कोपरे पांढुरके दिसले तर पाटा वाकतोय असं समजा. जॅक मधोमध रेटतो, १२ मि.मी.ची प्लेट कडांना उचलते. हँडल आणखी मारलं तर आणखी उचलते. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, २० मि.मी. घेतली तरी १२ च्या साडेचारपट. फक्त ३०० × ४०० मि.मी.ची ही प्लेट १९ किलोच्या आसपास भरते, तेव्हा टेबल भक्कम हवं.

कोल्हापुरात असाल तर हे काम शिवाजी उद्यमनगरात करून घ्या, पण 'लोखंडी चौकट करून द्या' एवढंच सांगून येऊ नका. दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: चौकट गुण्यात (काटकोनात) हवी, आणि वरच्या-खालच्या दोन्ही प्लेटना सगळं वेल्डिंग झाल्यावर सरफेस ग्राइंडिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं, हवं. आधी ग्राइंडिंग करून मग वेल्डिंग केलं तर तापून प्लेट ओढली जाते आणि ग्राइंडिंगचे पैसे वाया. भंगारात जुनी सरफेस प्लेट (सपाटी तपासायची जाड प्लेट) दिसली तर खालच्या बैठकीसाठी डोळे झाकून उचला. खर्चाचा मोठा भाग लोखंडाच्या वजनाचाच असतो, जॅकचा नाही.

बॉटल जॅक उभाच चालतो. उलटा टांगला की पंपात हवा शिरते आणि दाब धरत नाही. त्यामुळे जॅक हलणाऱ्या वरच्या पाट्यावर ठेवायचा, त्याचा दांडा चौकटीच्या वरच्या आडव्या चॅनेलला (लोखंडी तुळईला) टेकतो आणि पाटा खाली जातो. चार कोपऱ्यांना ताणाच्या स्प्रिंगा. पाटा आणि जॅक दोन्हींचं वजन त्यांना उचलायचं असतं, म्हणून स्प्रिंगा हलक्या घेतल्या की व्हॉल्व्ह सोडल्यावरही पाटा कागदावर बसून राहतो आणि कागद काढताना छाप पुसटते.

कागदाच्या वर काय ठेवायचं यात बरेच जण फसतात. जाड मऊ फेल्ट ठेवलं तर कागद कोरलेल्या खाचांत दबतो आणि रेषेच्या कडेला शाईची किनार येते. वर्तमानपत्राचे चार-पाच कागद आणि वर २ मि.मी. रबर शीट, एवढं पुरतं. एखादा कोपरा तरीही फिका आला तर ठशाखाली तेवढ्याच जागी कागदाचा तुकडा चिकटवा. कोरायला स्वस्त म्हणून लिनोऐवजी ईव्हीए शीट (मऊ फोमची शीट) घेऊ नका. दाबाखाली ती बसते आणि रेषा जाड होतात.

शाईचं आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतं. एप्रिल-मेमध्ये पाण्याची शाई रोलरवरच वाळते, कागद ठेवेपर्यंत निम्मी जाते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, तेलाची शाई कित्येक दिवस ओली राहते. प्रिंट एकावर एक रचू नका, दोरीवर चिमटे लावून टांगा. डब्यातल्या शाईवर साय धरू नये म्हणून बटर पेपर कापून थेट शाईला चिकटवून ठेवा. रोलर आधी गोडेतेलाने, मग भांड्यांच्या साबणाने साफ होतो, रॉकेल लागत नाही. पावसाळ्यात प्लेटना मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि जॅकचा दांडा पूर्ण आत घालूनच ठेवा, नाहीतर त्यावर गंज चढून सील कापलं जातं. तेल कमी झालं तर हायड्रॉलिक तेलच घाला. ब्रेक ऑइलने सील फुगतात.

कार्यशाळेसाठी मात्र हा प्रेस एकटा अपुरा आहे. एका प्रिंटला दोनेक मिनिटं जातात, पंधरा जण असतील तर रांग लागते. पहिली चाचणी सगळ्यांनी चमच्याच्या पाठीने घासून काढायची आणि पक्की प्रिंट प्रेसवर, असं वाटून दिलं की निभतं. ठसा आणि कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून १८ मि.मी. एमडीएफच्या ट्रेला कोपरापट्ट्या मारा. ट्रे बाहेर ओढून कागद लावता येतो, त्यामुळे मुलांचे हात पाट्याखाली जात नाहीत. हँडल मोठ्यांच्याच हाती, काम नसताना काढून ठेवलेलं.

घरच्या कामात हा प्रेस वसूल होतो. वह्यांच्या जुड्या दाबणं, हातकागदातलं पाणी काढणं (खाली कडेचा ट्रे हवाच), सुती पिशव्या आणि उशांच्या अभ्र्यांवर ठसे. कापडाला जवसाच्या तेलातली शाई घ्या आणि पंधरा दिवस तरी धुवायला टाकू नका. पनीर दाबायची कल्पना प्रत्येक घरात कुणीतरी काढतंच. जॅकचं तेल कधी ठिबकेल याचा नेम नसतो, तेव्हा त्याला वरवंटाच बरा.