ब्रिस्बेन पाहायचे, तर मुक्काम नदीकाठी की गोल्ड कोस्टला?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याची सहल ठरवताना मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न बहुतेक कुटुंबांपुढे येतो, आणि सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात त्याचे उत्तर बहुधा आधीच छापलेले असते: सगळ्या रात्री समुद्रकाठच्या गोल्ड कोस्टला आणि ब्रिस्बेनसाठी दिवसभराची एक फेरी. ही आखणी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, कारण ज्यांना मुख्यतः समुद्र आणि मुलांसाठी थीम पार्क हवे आहेत, त्यांची तीत उत्तम सोय होते. पण ज्यांना ब्रिस्बेन हे नदीकाठचे शहर म्हणून पाहायचे आहे, त्यांनी ती उलटी करून पाहावी, असे दोन्हीकडे राहून झाल्यावर माझे मत बनले आहे.

आधी गोल्ड कोस्टच्या जमेच्या बाजू सांगतो. सर्फर्स पॅराडाइजच्या पट्ट्यात स्वयंपाकघर असलेली सदनिका सहज मिळते. सकाळी पोहे आणि रात्री वरणभात लागणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर ही सोय किती मोलाची असते हे वेगळे सांगायला नको. ब्रिस्बेनच्या मध्यवस्तीतही अशा जागा आहेत, पण त्या शोधाव्या लागतात आणि मला तरी थोड्या महाग पडल्या. शिवाय ब्रिस्बेनच्या मध्यवस्तीला समुद्र नाही. १९८८च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर नदीकाठी साउथ बँकची उद्याने झाली, त्यांत वाळू घालून तयार केलेले पोहण्याचे तळे आहे आणि लहान मुले त्यात तासन्‌तास रमतात. मात्र लाटांची हौस तिथे भागत नाही. नदी तर पोहण्याची नव्हेच. तिचे पाणी गढूळ आहे आणि तिच्यात बुल शार्कचा वावर असतो.

आता ज्या एका त्रासामुळे माझा निर्णय झाला, त्याकडे वळतो. सर्फर्स पॅराडाइजहून ब्रिस्बेनला यायचे म्हणजे आधी ट्रामने हेलन्सव्हेल गाठायचे आणि तिथे लोकल गाडीत बसायचे. पैशांचा प्रश्न नाही, कारण ऑगस्ट २०२४पासून या भागातल्या सरकारी बस, गाडी, ट्राम आणि बोटीचे भाडे ५० सेंट झाले आहे आणि पुढे ते कायमही करण्यात आले. वेळ मात्र जातो. दारातून निघून नदीच्या काठावर पोहोचेपर्यंत आम्हाला पावणेदोन-दोन तास लागत. तेवढेही चालले असते, पण हा वेळ नेमका दिवसाच्या दोन्ही टोकांकडून कापला जातो, आणि ब्रिस्बेनमध्ये जे काही आहे ते त्या दोन टोकांनाच आहे.

याचे कारण असे की क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. डिसेंबरमध्ये पाच वाजायच्या आत उजाडते आणि पावणेसातपर्यंत सूर्य मावळतो. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात, तर संध्याकाळी पाचच्या सुमारासच दिवस संपतो. भर दुपारचे ऊन हवा गार असतानाही कातडीला चटका देते. त्यामुळे तिथले लोक पहाटे नदीकाठी धावतात, सायकल चालवतात, दुपारी सावलीला जातात आणि ऊन उतरले की पुन्हा काठावर येतात. गोल्ड कोस्टहून येणारा पाहुणा मात्र दहा-अकराला पोहोचतो आणि चारला परतीचा विचार करू लागतो, म्हणजे स्थानिक माणूस ज्या वेळेला टाळतो तेवढीच त्याच्या वाट्याला येते. आमचे प्रत्येक फेरीत हेच झाले. साउथ बँकवर बोगनवेलीच्या कमानींखाली दिवे लागू लागले, हवा सुखाची झाली, की आमच्यात गाडीच्या वेळेची चर्चा सुरू व्हायची. मग हेलन्सव्हेलला उतरून, दमलेल्या आईवडिलांना घेऊन ट्रामची वाट पाहत उभे राहायचे. जे शहर पाहायला आलो, ते दिवे लागल्यावर कसे दिसते हे आम्हाला ब्रिस्बेनमध्ये मुक्काम हलवल्यावरच कळले.

नदीकाठी राहिले की संध्याकाळ सिटीकॅटला देता येते. १९९६पासून धावणाऱ्या या दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटी म्हणजे शहराची रोजची वाहतूक आहे, त्यामुळे शेजारच्या बाकावर कचेरीतून घरी निघालेला माणूस असतो. साउथ बँकच्या धक्क्यावर कार्ड टेकवून चढावे आणि थेट पुढच्या उघड्या भागात जाऊन उभे राहावे. नदी इतकी वळणे घेते की शहराच्या उंच इमारती कधी डाव्या हाताला, कधी समोर येत राहतात. कांगारू पॉइंटच्या कड्यांवर रात्री दिव्यांचे झोत सोडलेले असतात आणि त्या उजेडात दोरांवर चढणारी माणसे बोटीतून स्पष्ट दिसतात. पुढे पादचाऱ्यांचा नवा पूल आणि मग १९४०मध्ये खुला झालेला स्टोरी ब्रिज डोक्यावरून जातो. प्रत्येक धक्क्यावर बोटीवरचा कर्मचारी दोराचा फास खुंटावर अडकवतो, फळी टाकतो, माणसे उतरतात-चढतात आणि काही क्षणांत दोर सुटून बोट पुन्हा प्रवाहात येते. अंधार पडताना मोठी वटवाघळे थव्याने नदीवरून जाताना दिसतात. पर्यटकांसाठी जेवणासह वेगळ्या नौकाही आहेत आणि त्या वाईट नसाव्यात, पण ५० सेंटात जे मिळते त्यापुढे त्यांची गरज मला वाटली नाही.

सकाळही तितकीच उपयोगी पडते. शहराच्या वनस्पती उद्यानाच्या कडेने खारफुटीतून लाकडी पायवाट काढली आहे. नदीला भरती-ओहोटी असल्यामुळे ओहोटीला तिथे उघडा पडलेला चिखल आणि त्यातून वर आलेली मुळे पाहून ठाण्याची खाडी आठवल्याशिवाय राहत नाही. १९२७पासूनचे लोन पाइन कोआला अभयारण्यही सकाळी लवकर गाठलेले बरे. कोआलाला कडेवर घेऊन छायाचित्र काढण्याची प्रथा तिथे २०२४मध्ये बंद झाली आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. क्रिकेटवेड्यांसाठी गॅबा मैदान साउथ बँकपासून फार दूर नाही. जानेवारी २०२१मध्ये अजिंक्य रहाणेच्या संघाने ३२८ धावांचे लक्ष्य गाठून जिथे ऑस्ट्रेलियाची १९८८पासूनची अपराजित परंपरा मोडली, त्या मैदानाबाहेर नुसते उभे राहिले तरी मला भरून आले.

उलट बाजूने, म्हणजे ब्रिस्बेनमध्ये राहून गोल्ड कोस्टला दिवसाची फेरी केली, तर फारसे काही हातचे जात नाही, हा माझ्या मताचा दुसरा आधार आहे. सर्फर्स पॅराडाइजचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि त्याच्या मागे इमारतींची उंच रांग आहे, त्यामुळे दुपार कलली की त्यांच्या सावल्या वाळूवर लांब पसरतात आणि समुद्रात मावळणारा सूर्य तिथे दिसतही नाही. सकाळी साउथ बँक स्थानकावरून निघावे, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या, जीवरक्षकांची नजर असलेल्या पाण्यात मनसोक्त डुंबावे आणि सावल्या पडू लागल्या की निघावे. रात्रीच्या जेवणाला आपण परत नदीवर असतो.

अर्थात सोबत कोण आहे आणि वर्षाचा कोणता काळ आहे, यावर बरेच अवलंबून आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना थीम पार्कांतच अधिक दिवस घालवायचे असतील, तर गोल्ड कोस्टच सोयीचे पडेल, कारण ड्रीमवर्ल्ड आणि मूव्ही वर्ल्ड त्याच बाजूला आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारीत ब्रिस्बेनची हवा दमट असते आणि दुपारनंतर वादळी पाऊस कोसळू शकतो. त्या दिवसांत समुद्रावरचा वारा अधिक बरा वाटेल. मे ते ऑगस्टचे कोरडे, उबदार दिवस किंवा दिवाळीच्या सुमारास जॅकरांडा फुललेला काळ मिळत असेल, तर मात्र मी नदीकाठच निवडेन. सहल कंपनीचा कार्यक्रम पूर्ण बदलता येत नसेल, तर निदान शेवटच्या दोन रात्री ब्रिस्बेनला मागून घ्याव्यात. विमानतळाची गाडी साउथ बँकवरून थेट मिळते. फक्त तिचे तिकीट ५० सेंटांच्या योजनेत बसत नाही. जागा निवडताना खोलीतून नदी दिसते का, यापेक्षा सिटीकॅटचा धक्का चालत किती मिनिटांवर आहे, हे आधी विचारावे.