टफन काच म्हणून साधी काच बसवली: ओट्यामागच्या भिंतीचा आमचा अनुभव

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तीस वर्षं जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही डक्टमध्ये उघडणारी. समोर आठ फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारी डाळ निवडायची तरी ट्यूब लावावी लागते. ओट्यामागे होत्या जुन्या चॉकलेटी टाइल्स, मधेमधे फळांच्या परडीचं चित्र. सांध्यांतलं सिमेंट तेल पिऊन काळं पडलेलं, ओटाही काळ्या ग्रॅनाइटचा. वीस वर्षं मी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात स्वयंपाक केला. त्यामुळे गेल्या वर्षी ती भिंत बदलायचं ठरलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, उजेड.

किचनची कामं करणाऱ्या एका दुकानदाराने काच सुचवली. मागून रंग दिलेली, सांधे नसलेली, फडकं फिरवलं की स्वच्छ. दुकानात त्याने हस्तिदंती रंगाचा नमुना काढला, दिव्याखाली धरला आणि त्यावर हातोडी मारून दाखवली. काचेला ओरखडाही नाही. "मॅडम, सहा एमएम टफन आहे, गॅसमागे हीच लागते," तो म्हणाला. टफन म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच. 550 रुपये चौरस फूट. आमची भिंत एल आकाराची, तेरा फूट लांब आणि दोन फूट उंच, म्हणजे 26 चौरस फूट. काचेचे 14,300 आणि बसवण्याचे 2,000. मी 10,000 आगाऊ दिले. त्याने व्हॉट्सॲपवर 'सहा एमएम टफन, आयव्हरी, फायनल' असा मेसेज पाठवला. कागदावर मात्र हाताने लिहिलेलं एस्टिमेट मिळालं, त्यात फक्त 'डेकोरेटिव्ह ग्लास'. जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "अठरा टक्के वाढतील, बघा." आम्ही गप्प बसलो.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण सगळा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर झाला आणि मला कळला नाही.

काच बसवायला दोघे आले. माप घेताना चूक झाली होती, फ्रिजच्या बाजूला काच बोटभर लांब भरली. त्यातल्या एकाने खिशातून काच कापायचा हिरा काढला, पट्टी धरून रेघ ओढली आणि टक करून तेवढी पट्टी मोडून बाजूला ठेवली. मग डाव-झारे अडकवायच्या रॉडसाठी ड्रिल लावून, पाणी सोडत, काचेला दोन भोकं पाडली. मी शेजारी उभी राहून त्यांना चहा देत होते. किती सफाईने काम करतात, असंच मला वाटलं. कोपऱ्यात 'टफन्ड' असं छापलेलं चंदेरी स्टिकर होतं. ते पाहून मी निश्चिंत झाले आणि उरलेले 6,300 त्याच संध्याकाळी पाठवून दिले.

रंग पहिल्या दिवसापासून खटकत होता. दुकानात सायीसारखा दिसलेला रंग आमच्याकडे हिरवट दिसायला लागला. विचारलं तर "तुमच्याकडे उजेड कमी आहे ना" असं उत्तर. खरं कारण मला नंतर कळलं. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्याने तिला हिरवट झाक येते. गडद रंगामागे ती लपते, पांढऱ्या किंवा हस्तिदंती रंगात उघडी पडते. फिकट रंग हवा असेल तर कमी लोहाची, एक्स्ट्रा क्लिअर काच घ्यावी लागते आणि ती महाग असते. नमुना त्या काचेचा होता, आमच्या भिंतीवर आली ती साधी. अंधाऱ्या खोलीत फिकटच रंग निवडला जातो, त्यामुळे ही फसवणूक नेमकी आमच्यासारख्यांची होते.

मग दिवाळी आली. चकल्यांसाठी मोठी कढई मागच्या शेगडीवर, भिंतीला जवळजवळ टेकून. दोन तास तळण चाललं होतं. सासूबाईंनी सवयीने ओलं फडकं घेतलं आणि काचेवरचे तेलाचे शिंतोडे पुसायला गेल्या. फट् असा आवाज झाला. शेगडीमागून निघालेली चीर थेट रॉडच्या भोकापर्यंत गेली आणि मधला तिकोनी तुकडा सुटून खाली आला. वीतभर लांब, टोकाला सुरीसारखा. सासूबाईंच्या तळव्याला पाच टाके पडले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पंधरा दिवस त्यांना उजव्या हाताने घास घेता आला नाही, आणि तरी त्या मलाच म्हणत होत्या, "अगं, मीच घाई केली."

दुकानदारानेही तेच म्हटलं, फक्त वेगळ्या सुरात. "गरम काचेला ओलं फडकं लावलंत, वापर चुकला, वॉरंटी नाही." ओट्यामागची भिंत पुसायचीच नसेल तर काच घ्यायची कशाला? तेव्हा मात्र मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर दिलं आमच्या गल्लीतल्या काचवाल्याने, जो खिडक्यांच्या काचा बसवतो. तो तुकडा हातात घेऊन म्हणाला, "ताई, ही टफन नाही. टफन असती तर अशी सुरी निघाली नसती, खडीसाखरेसारखे दाणे झाले असते." मग त्याने पट्टी लावली. जाडी चार एमएम. मी त्याला हिऱ्याने कापल्याचं आणि भोकं पाडल्याचं सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्याने समजावलं ते असं. टफन करताना काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने एकदम गार करतात. त्याने पृष्ठभाग आवळला जातो आणि आतला भाग ताणलेला राहतो. ताकद त्यातूनच येते, आणि म्हणूनच अशी काच नंतर कापता येत नाही. हिरा ओढून मोडायला गेलात किंवा ड्रिल आत गेलं की अख्खी काच दाणे होऊन खाली येते. भोकं, खाचा, माप, सगळं भट्टीत जाण्यापूर्वी पूर्ण व्हावं लागतं. साधा रंगही नंतरच द्यायचा, कारण भट्टीत तो जळून जाईल. तुमच्या घरात कुणी काच कापून बसवत असेल तर ती टफन नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर चहाचा ट्रे खाली ठेवून मी काम तिथेच थांबवलं असतं. उष्णतेचंही तसंच. साधी काच एका जागी तापली आणि शेजारी गार राहिली तर साधारण चाळीस अंशांच्या फरकाला तडकू शकते, टफन काच दोनशेच्या आसपास सोसते. ओलं फडकं हे निमित्त होतं.

स्टिकरवर विश्वास ठेवू नका, ते कुठेही छापून मिळतं. टफन काचेला आयएस 2553 हे भारतीय मानक आहे. त्याची आयएसआय खूण आणि परवाना क्रमांक काचेच्या कोपऱ्यात कायमचा उमटवलेला असतो, नखाने निघत नाही. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येतो. काच भिंतीला चिकटण्याआधी हे करा, नंतर कोपरा सिलिकॉनखाली किंवा फ्रिजमागे जातो. आणि काच येईल तेव्हा जाडी स्वतः पट्टीने मोजा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला: 5,000 देतो, तक्रार मिटली असं लिहून द्या. मी नाही म्हटलं. सासूबाईंच्या टाक्यांचाच खर्च त्याहून जास्त होता. आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसल्याने आमची बाजू थोडी लंगडी आहे. व्हॉट्सॲपचा तो एक मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या यांच्यावर सगळी भिस्त आहे. अठरा टक्के वाचवायला गेलो त्याची ही किंमत.

उरलेली काच आम्ही काढून टाकली. मधल्या काळात ॲक्रिलिक शीट सुचवणारे भेटले, फॉइलचं स्टिकर चिकटवा म्हणणारेही भेटले. शेगडीमागे दोन्ही नको, ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. शेवटी गवंड्याला बोलावून साध्या पांढऱ्या, चकचकीत सिरॅमिक टाइल्स लावल्या, फुटावर दोन फूट मापाच्या, म्हणजे सांधे कमी. सांध्यांत सिमेंटऐवजी एपॉक्सी भरलं, ते तेल आणि हळद पीत नाही. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी बसवली. मला हवा होता तो उजेड खरा त्या पट्टीने दिला. भिंत कितीही चकचकीत असली तरी दिलेला उजेडच परत फेकते, हे दुकानातल्या दिव्यांखाली लक्षात येत नाही. टाइल्स, मजुरी, पट्टी मिळून खर्च काचेपेक्षा कमी आला.

फुटलेला तुकडा, स्टिकरचा कोपरा आणि कापलेली बोटभर पट्टी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, पुढच्या तारखेला न्यायची म्हणून. चंदेरी स्टिकर त्या कोपऱ्यावर अजून आहे.