मातीच्या भिंतीत काय मिसळायचं: सिमेंट, राख की स्लॅग?

धुमसाने ठोकलेल्या मातीच्या भिंतींचं घर म्हटलं की पहिली धास्ती पावसाची. म्हणून मातीत काहीतरी मिसळावं लागतं. गवंडी सांगतो, ५ ते ८ टक्के सिमेंट टाका. ते खात्रीचं आहे, लवकर धरतं. पण जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तोच टाळायला तर आपण मातीकडे वळलो.

विदर्भात असाल तर कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची राख हाकेवर आहे. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते, तुटवडा कसला! मात्र तिच्यात चुना नगण्य, म्हणून ती एकटी धरत नाही; सोबत चुन्याची फक्की लागते, तीही ताजी. राख कोरडी, मैद्यासारखी बारीक हवी. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातली भरड राख फुकट मिळते म्हणून मी एकदा आणली. महिन्याभराने चाचणीचा ठोकळा रात्रभर बादलीत ठेवला. सकाळी तळाशी गाळ आणि हातात कोपरे झिजलेला गोळा.

चांगली राखही सावकाशच काम करते. २८ दिवसांत भिंत अर्धीकच्ची असते, खरा जोर तिसऱ्या महिन्याकडे येतो. तोवर गोणपाट ओलं ठेवायचं. म्हणजे भिंती फेब्रुवारीतच उरकायला हव्यात.

स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, पाण्याने झटकन थंड करून दळलेली. तिच्यात चुना अंगचाच असतो. थोडी फक्की किंवा थोडं सिमेंट मिळालं की ती राखेपेक्षा लवकर धरते. रंगाने पांढुरकी, त्यामुळे मातीचा तांबूसपणा टिकतो. राखेने भिंत करडी पडते. पण सिमेंटवालेही स्लॅग घेतात, त्यामुळे पैसे मोजावे लागतात. डोलवीच्या पोलाद कारखान्याजवळच्या रायगडकराला परवडेल, तिथून गोंदियाला ट्रकने नेण्यात अर्थ नाही.

काळी माती मात्र तिन्हीत नको. ती फुगते, तडकते; मुरमाड, वाळूसर मातीच घ्या.

माझं मत विचाराल तर दिवाळीनंतर लगेच काम काढणाऱ्या नागपूरकराने राख-चुनाच घ्यावा. एप्रिलमध्ये ठोकायला घेणार असाल तर सिमेंट टाका, मनाला लावून घेऊ नका. आणि काहीही ठरवलं तरी आधी तुमच्याच मातीचे, तीन वेगवेगळ्या प्रमाणांचे ठोकळे करून बादलीत ठेवा.